फक्कीने आखलेलं जहाज

देवाने पृथ्वी घडवायला घेतली तेव्हा शेजारी माझे साडू उभे असते, तर पृथ्वी अजून पुरी झाली नसती. पण जेव्हा केव्हा झाली असती, तेव्हा तिच्यावर एकही दुष्काळी तालुका नसता. हे मी कौतुकाने म्हणतो की वैतागून, हे मला गेल्या दहा-बारा वर्षांत ठरवता आलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे, सुनीताचे, यजमान. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते क्वालिटीला आहेत. दुसऱ्याने बनवलेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि मान हलवायची, उभी किंवा आडवी, हे त्यांचं काम. कारखाना त्यांना याचा पगार देतो. उरलेल्या जगासाठी हेच काम ते फुकट करतात.

एकदा त्यांच्याबरोबर गादी घ्यायला जायची पाळी माझ्यावर आली. मी आयुष्यातल्या सगळ्या वस्तू पाच मिनिटांत घेतलेल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या आमच्या माळ्यावर आहेत. त्यामुळे मला वाटलं, दुकानदार दाखवेल ती पसंत करू आणि चहा पिऊन घरी येऊ. साडूंनी चपला काढल्या, खिशातली मोजायची टेप बाजूला ठेवली आणि पहिल्या गादीवर डाव्या कुशीला निजले. मग उजव्या कुशीला. मग पालथे. दुसऱ्या गादीवर तेच, तिसऱ्या गादीवर तेच. चौथीवर त्यांना खरोखरच झोप लागली. दुकानदार भला माणूस, त्याने बाकीच्या गिऱ्हाइकांना हळू बोलायला सांगितलं. तासाभराने उठून साडू म्हणाले, "ही नाय. हिच्यावर सपनं लई पडतात." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

घरासाठी प्लॉट घेतानाचा त्यांचा पराक्रम तर अजून सांगितला जातो. आमचं शहर तेव्हा चिकलठाण्याच्या बाजूला दर महिन्याला एक नवी कॉलनी काढत होतं. आधी कमान उभी राहायची, मग बोर्ड लागायचा, मग लोक राहायला यायचे. रस्ता आणि पाण्याची लाईन यायची राहून जायची. साडू ओळीने चार रविवार त्या मोकळ्या जागेवर दगडावर बसून राहिले. कागदपत्रं वकिलाने बघितली, साडूंनी कुत्री बघितली. भटकी कुत्री दुपारी कुठे बसतात आणि पावसाच्या तोंडाला कुठे सरकतात, एवढंच. मला म्हणाले, "साडूबुवा, कुत्रं वलीत बसत नाय आन् वाऱ्यातबी बसत नाय. प्लॉटवाला खोटं बोलंल, कुत्रं काहून बोलंल?" जिथे पिवळं कुत्रं बसायचं तिथे त्यांनी घर बांधलं. आता पावसाळ्यात सगळ्या कॉलनीत घोटाभर पाणी साचतं आणि साडू कोरड्या ओट्यावर बसून पेपर वाचतात. ते पिवळं कुत्रंही तिथेच असतं, कारण त्याचा हक्क आधीचा आहे.

हा माणूस असा कसा झाला, हे मला त्यांच्या गावी गेल्यावर कळलं. फुलंब्रीच्या पलीकडे त्यांचं गाव. वडील मेंढपाळ. साडू वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत मेंढरांमागे चालले आहेत. दिवाळी झाली की कळप निघायचा, या शेतातून त्या शेतात. शेतकऱ्याला खत मिळायचं, यांना धान्य. रोज दुपार कलली की आजचा तळ कुठे द्यायचा हे वडील ठरवायचे. काठीवर हनुवटी टेकवून ते उभे राहायचे आणि त्यांच्यामागे मेंढरं, घोडं, कोंबड्या, बायका, पोरं असा सगळा संसार बिनबोभाट थांबायचा. माथ्यावर तळ द्यायचा नाही, वारं लागतं. ओढ्याकाठी द्यायचा नाही, ओल येते. वाटेलगत द्यायचा नाही. कोकरं मधे ठेवायची, त्यांच्याभोवती मेंढ्या आणि सगळ्याभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण. एवढा जाणता माणूस, पण एकदा पाय दुखत होते म्हणून त्यांनी घाईने ओढ्याकाठी तळ दिला. वरच्या अंगाला अवकाळी पाऊस झाला आणि अकरा कोकरं वाहून गेली. हे सांगताना साडूंनी अकराही कोकरांचे रंग सांगितले. पुढे एका वाईट सालात उरलेली मेंढरं विकली, घर शहराकडे आलं, साडू आयटीआय झाले. पण तेव्हापासून त्यांच्या घरात 'घाई' हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही.

आता पाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा एक सण आहे. सणाची तारीख कॅलेंडरात तरी असते, याची नसते. त्या दोन-तीन वर्षांत तर पाऊस इतका रुसला होता की टँकरवाल्याचं नाव लोक घरातल्या माणसाच्या आधी फोनमध्ये साठवत. साडूंनी यावरही इलाज केला होता. घरामागे पाच निळे ड्रम, प्रत्येक ड्रमला आतून लाल रंगाच्या आडव्या रेघा, कारखान्यातल्या मापाने आखलेल्या. सोमवारी पाणी या रेघेवर, मंगळवारी त्या. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. रेघ वाचायचं काम सहा वर्षांच्या आरोहीकडे, म्हणजे त्यांच्या थोरल्या लेकीकडे होतं. ती स्टुलावर चढून ड्रममध्ये डोकावायची आणि गंभीरपणे ओरडायची, "बाबा, बुधवार चाललाय!" मी पाहुण्यांना मुद्दाम ही व्यवस्था दाखवायला न्यायचो. साऱ्या कॉलनीत एकटी ही पोर पाण्याची किंमत जाणते, असं मी चारचौघांत म्हणालो होतो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

कारण एप्रिलातल्या एका दुपारी आरोही शाळेत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, "ही मुलगी पाणीच पीत नाही. कधीपासून चाललंय हे?" तिचं दप्तर माझ्या हातात होतं. त्यातली पाण्याची बाटली मी उघडली. ती काठोकाठ भरलेली होती आणि पाण्याला वास येत होता. सुनीताने तिला जवळ घेऊन विचारलं, तहान लागत नाही का गं तुला? पोरगी म्हणाली, "लागते की. पण संपलं तर?"

साडू बाकावर बसून होते. हा माणूस कुठलीही गोष्ट ऐकली की आधी ती मनात उलटीपालटी करून बघतो आणि मगच बोलतो. त्या दिवशी तसं झालं नाही. ते लगेच म्हणाले, "पानी घरात ठेवून पोर तहानी मारली मी." 

पुढचे सहा महिने घरात एकच काम चाललं, आरोहीला पाणी पाजणं. सरबत करून झालं, रंगीत नळी आणून झाली, रागावून झालं, देवाची शपथ घालून झाली. ती समोर दोन घोट घ्यायची आणि पाठ वळली की उरलेलं हळूच माठात ओतून यायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मूत्रपिंडावर येईल. याच सुमाराला साडूंच्या गावाकडच्या जमिनीची एक पट्टी रस्तारुंदीत गेली आणि तिचे पैसे आले. त्यांच्या भावाने जीप घेतली. सगळ्या नातेवाइकांनी साडूंना प्लॉट घ्या म्हणून सांगितलं. साडू एका रविवारी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "जहाजावर जायाचं ठरवलंय. बंबईहून गोव्याकडं जातं ते. चार दीस पोरीला नुस्तं पानी दाखवायचं. इकडं बघितलं तरी पानी, तिकडं बघितलं तरी पानी."

मी म्हणालो, "अहो, पण समुद्राचं पाणी खारट असतं."

"मला ठावं हाय ते. प्यायला नाय नेत तिला. पानी संपत नसतं, येवढं तिच्या डोळ्यानं बघू द्या एकदा."

आतून आमच्या मंडळींनी, मंदाने, ऐकलं असावं, कारण ती बाहेर येऊन म्हणाली, आम्हीही येतो.

आता जहाज निवडायचं होतं, आणि निवडणारे साडू होते. जालना रोडवरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात आम्ही गेलो. टेबलापलीकडे एक हसरी मुलगी बसली होती. तिने उत्साहाने तीन जहाजांची पत्रकं मांडली. बिचारीला पुढचं ठाऊक नव्हतं. पहिलं जहाज म्हणजे पंधरा मजल्यांचं गाव होतं, घसरगुंड्या, नाटकघर, बाजार, सगळं. मी म्हणालो, हेच. साडूंनी मान आडवी हलवली. "येवढ्या मोठ्या कळपात आपलं कोकरू दुसऱ्याच मेंढीला लागलं तरी पत्ता लागायचा नाय." दुसरं जहाज लहान आणि स्वस्त. साडूंनी विचारलं, डॉक्टर हाय का? सलाईन लावता येतं का त्याला? मुलगी अडखळली, मान आडवी झाली. तिसरं मधल्या आकाराचं. डॉक्टर होता, लहान मुलांना खेळायची खोली होती, गुडघाभर पाण्याचा हौद होता, जेवणात वरण-भात होता. साडूंच्या धाकट्या छोटूसारख्या दोन वर्षांच्या पोराला खेळायच्या खोलीत एकटं सोडता येत नाही, सोबत आईबापापैकी कुणीतरी बसावं लागतं, हे कळल्यावर तर साडू खूश झाले. म्हणाले, "नियम चांगला हाय. राखणारे जागे दिसतात." आणि मग पत्रक बाजूला सारून त्यांनी खरा प्रश्न विचारला. "ताई, जहाजावर नळाला पानी कितव्या दिवशी येतं?"

दुसऱ्या कुठल्या शहरात या प्रश्नावर माणूस हसला असता. ही मुलगी हसली नाही. म्हणाली, "काका, मी मुकुंदवाडीत राहते. आमच्याकडे आठव्या दिवशी येतं. जहाजावर दिवसरात्र येतं. समुद्राचंच पाणी मशीनने गोड करतात."

"मशीन बंद पडलं तर?"

"टाक्या असतात, काका."

"किती दिसाच्या?"

मुलीने पेन खाली ठेवलं आणि मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. तिथून कोणीतरी आणखी कोणाला विचारलं. अर्ध्या तासाने उत्तर आलं तेव्हा साडूंची मान पहिल्यांदा उभी हलली. पुढे मुंबईचा फोन आला की ती माणसं त्यांना 'टाकीवाले सर' म्हणत.

जहाज ठरलं, केबिन राहिली. माझं गारखेड्यात झेरॉक्सचं दुकान आहे. साडू रोज कामावरून सुटले की जहाजाच्या मजल्यांचे नकाशे घेऊन दुकानात हजर. "अजून मोठं करा," म्हणायचे. मोठं करता करता एकेका मजल्याचे सोळा कागद झाले. ते चिकटवून त्यांनी दुकानाच्या फरशीवर अंथरले आणि चपला काढून त्यावर चालायला लागले. परीक्षेचे फॉर्म काढायला आलेली मुलं भिंतीला चिकटून उभी राहायची. एक खोली बघितली की साडू आधी विचारायचे, हिच्या डोक्यावर काय? नाचायचा हॉल असेल तर काट. हिच्या पायाखाली काय? भटारखाना असेल तर काट. जिन्याला लागून असेल तर, "वाटेवरची जागा, माणसं येती जाती, पोरं निजनार नाईत." अगदी पुढच्या टोकाची, काट, अगदी मागची, काट. गॅलरीवाल्या खोल्यांवर त्यांचा विशेष राग. मी म्हणालो, अहो, समुद्र बघायला तर चाललोय. ते म्हणाले, "बघायला वर जाऊ ना. निजायच्या जागी वाघरीला भोक पाडून ठेवता व्हय?" असं करत करत पाचव्या मजल्यावर, बरोबर मधे, वरही खोल्या आणि खालीही खोल्या, खिडकी पक्की बंद, अशी एक केबिन उरली. माझी केबिन मी आधीच घेऊन टाकली होती, सगळ्यात वरची, पुढच्या टोकाची, गॅलरीसकट, पाच मिनिटांत. साडूंनी नकाशावर तिच्याकडे बोट ठेवून माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "माथ्यावर तळ दिलाय, साडूबुवा."

पण केबिन ठरली म्हणजे पसंत झाली असं नव्हतं. गादीवर निजल्याशिवाय गादी न घेणारा माणूस तो. पुढच्या रविवारी सकाळी सुनीताचा फोन आला, "दाजी, लवकर या, यांनी जहाज आखलंय." जाऊन बघतो तर घरासमोरच्या मोकळ्या जागेत, मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीने, टेप लावून, साडूंनी केबिन काढलेली. दार, खिडकी, दोन बाजा, चार खांब रोवून साड्या लावून केलेली मोरी. आणि त्या रेघांच्या आत साडू, सुनीता, आरोही आणि दोन वर्षांचा छोटू. सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या दिव्यापर्यंत कुणी रेघ ओलांडायची नाही, असा हुकूम होता. मीही दारातूनच आत यायचं होतं. मी सरळ रेघेवरून पाय टाकला तर आरोही किंचाळली, "काका, भिंत!"

सकाळी अकराच्या सुमाराला एक मोटारसायकल थांबली. गॉगल लावलेला एक गृहस्थ उतरला, रेघांकडे नीट बघून म्हणाला, "बोला मालक, काय रेट चाललाय?" आमच्याकडे उघड्या जागेत कोणी फक्की टाकली की ती प्लॉटिंगसाठीच, हे दूधपितं पोरही सांगेल. साडू म्हणाले, "हे विकायचं नाय. ही जहाजाची केबिन हाय." गृहस्थाने गॉगल काढला. "केबिन का असंना. एनए हाय का?" तासाभरात आणखी तिघे आले. एकजण तर सुनीता बाजेवर बसून भाजी निवडत होती तिला म्हणाला, ताई, तुम्ही बुक केलाय का हा? कोपऱ्याचा आहे, चांगला आहे. चार वाजता कॉलनीचे अध्यक्ष आले आणि मोकळी जागा बळकावल्याबद्दल लेखी खुलासा मागू लागले. साडूंनी त्यांना दारातून आत घेतलं, बाजेवर बसवलं, चहा दिला आणि डोक्यावर-पायाखाली काय असावं याबद्दल अर्धा तास सांगितलं. अध्यक्ष जाताना म्हणाले, आमची सून पण जहाजाचं म्हणत होती, तो नकाशा द्याल का?

त्या दिवसातून साडूंना पुष्कळ कळलं. छोटू बाजेखाली मावतो आणि तिथे गप्प बसून राहतो, म्हणून पलंगाखाली बॅगा भरायच्या. ओले कपडे मोरीच्या दारावर वाळत नाहीत, दोरी न्यायची. आणि सुनीता नवऱ्याबरोबर एका खोलीत सलग दहा तास राहू शकते, फक्त त्याने दर पाच मिनिटांनी काही मोजू नये.

निघालो तेव्हा सामानात वीस लिटरचे पाण्याचे दोन जार होते. बंदरावर तपासणीच्या माणसाने ते बाजूला काढले. जहाजावर नेता येणार नाहीत म्हणाला. आरोही जारच्या शेजारी खाली बसली आणि जाराला मिठी मारून हमसून हमसून रडायला लागली. "हे आपलं शनिवारपर्यंतचं आहे," एवढंच म्हणत राहिली. रांग थांबली. साडू तिच्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी तिला समजावलं नाही. तिथल्या उन्हात सामान ओढणाऱ्या हमालांना त्यांनी हाक मारली आणि तिच्या हातात पेला दिला. "तूच वाढ." दोन्ही जार रिकामे होईपर्यंत तिने एकेकाला पाणी दिलं. रडतच दिलं, पण दिलं.

जहाज सुटलं. समुद्र आम्हाला जसा हवा होता तसाच होता, चहूकडे, निळा, न संपणारा. साडूंनी पोरीला कठड्याजवळ उचलून धरलं. दोन्ही हातांनी धरलं होतं, मी बघत होतो. म्हणाले, "बघ आरू. किती पानी हाय?" आरोहीने बराच वेळ पाहिलं. बापाचीच लेक, उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "हे खारट आहे, बाबा. हे हिशोबात धरायचं नसतं." आणि खाली उतरली. त्या दिवशी दुपारी जेवताना तिने दोन घोट घेतले आणि पेला सरकवून ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. हौदात खेळून आली तरी तेच. मशीन दाखवायला साडूंनी जहाजाच्या एका साहेबाला गळ घातली. साहेबाने टाक्यांचा फोटो दाखवला, पोरीने विचारलं, यावर रेघा कुठे आहेत? साडू रेलिंगला धरून उभे राहिले. एवढं चोख निवडलेलं जहाज, एवढी चोख केबिन, आणि ज्यासाठी आलो तेच होईना. मला पहिल्यांदा ते म्हातारे दिसले.

त्यात दुसऱ्या दुपारी समुद्र खवळला. माथ्यावर तळ दिलेला मी गॅलरीचं दार लावून भिंतीला धरून होतो, मंदा पलंगाला धरून होती, आणि पोटातलं काहीही कशालाच धरून नव्हतं. कसेबसे पाचव्या मजल्यावर आलो. तिथे छोटू गाढ झोपलेला, सुनीता कपड्यांच्या घड्या घालत होती. टेबलावरची पेन्सिलसुद्धा जागची हलली नव्हती. साडू उठले, आपला पलंग मोकळा केला, मला आडवं केलं आणि अंगावर चादर घातली. "निजा. हितं वारं नाय." असं म्हणणारा माणूस आपल्या बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला उगीच मिळत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे पहिल्यांदाच दुसऱ्या एका जेवणघरात जेवायला बसलो. त्या जेवणघरात वाढप्यांची एक रीत होती. पेला थोडा रिकामा झाला की न विचारता येऊन भरायचा. आरोहीने दोन घोट घेतले, वाढप्याने पेला भरला. तिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. आणखी दोन घोट घेतले. त्याने परत भरला. मग ती मुद्दाम अर्धा प्याली. त्याने हसून भरला. कोणी तिच्याकडे बघायचं नाही असं आम्ही डोळ्यांनीच ठरवलेलं. तेवढ्यात तिची नजर बापाच्या पेल्यावर गेली.

"बाबा, तुमचा का नाही भरत तो?"

साडूंचा पेला काठोकाठ भरलेला होता. "माझा हायच की भरलेला."

"कारण तुम्ही पीतच नाही," आरोही म्हणाली. "तुम्ही घरी पण पीत नाही. थोडं पिता आणि माझ्यात ओतता. मग मी पण ठेवते. छोटूला."

सुनीताने मान खाली घातली. तिला ठाऊक होतं. मला दहा-बारा वर्षांत ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या रेघा पाहिल्या, ड्रम पाहिले, पाहुण्यांना दाखवले. पण या माणसाला अख्खा पेला पाणी पिताना मी एकदाही पाहिलेलं नव्हतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पोरीच्या आलं होतं. साडू कसेबसे म्हणाले, "आमच्यात तशीच रीत असती, बाय. आधी कोकरांनी प्यायचं, मग मेंढ्यांनी, मग बायापोरांनी. उरलं तर गड्यानं."

"इथं उरतं," आरोही म्हणाली. तिने दोन्ही हातांनी पेला उचलून बापाच्या तोंडाशी नेला. "प्या. मग मी पिते."

साडूंनी डोळे मिटले आणि प्यायला सुरुवात केली. सावकाश, थांबत थांबत, सवय नसलेल्या माणसासारखे. पेला रिकामा झाला तेव्हा वाढपी आलाच. आरोहीने आपला पेला उचलला आणि एका दमात संपवला. मग परत साडूंची पाळी, मग तिची. पाण्याने हनुवट्या भिजल्या, छोटू टाळ्या वाजवायला लागला, पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मंदा रडत होती. मी रडत नव्हतो, असं मी तिला नंतर सांगितलं.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. आमच्याकडे नळ अजून आठव्या दिवशीच येतो, टँकरवाला अजून तसाच उर्मट आहे, चिकलठाण्याकडे आणखी दोन कमानी उभ्या राहिल्या आहेत. डॉक्टरांनी मात्र आरोहीला परत यायची गरज नाही म्हणून सांगितलं. साडू रोज कामावरून आले की स्वयंपाकघरात जातात, पोरगी बघते आहे ना याची खात्री करतात आणि तिच्यासमोर उभं राहून एक अख्खा तांब्या पितात. परवा मी तिथे होतो. तांब्या खाली ठेवून त्यांनी मिशा पुसल्या आणि मला हळूच म्हणाले, "पानी लई गोड असतं हो, साडूबुवा. मला ठावंच नव्हतं."